रक्ताच्या रिपोर्टातले बाण



‘ताई, सीआरपी ९० आलाय. माणूस वाचेल ना?’

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत गटांचं काम पाहणाऱ्या आम्हां सगळ्याजणींना असे फोन रोज यायचे. कुणाचा नवरा नाशिकला दाखल, कुणाची सासू पिंपळगावला, कुणाचा भाऊ सिन्नरला. पेशंटजवळ कुणाला जाऊ देत नव्हते. घरच्यांच्या हाती यायचा तो फक्त मोबाइलवरचा रिपोर्ट. त्यात ठळक अक्षरांत एक आकडा आणि शेजारी वर जाणारा बाण. तो बाण बघून बाया मटकन खाली बसायच्या. काही घरांत उलटंही व्हायचं. रिपोर्ट चांगला आला म्हणून धाप लागलेल्या माणसाला दोन दिवस घरीच ठेवायचे.

ती लाट सरली, पण रिपोर्ट काही सरले नाहीत. दर पावसाळ्यात आणि थंडीत आपल्या गटांतलं कुणी ना कुणी फ्लू, न्यूमोनिया किंवा कोरोनानेच दवाखान्यात दाखल होतं, आणि तपासण्यांची तीच यादी हातात पडते : सीबीसी, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच. तातडीच्या कर्जाच्या अर्जाला बाया हे कागद जोडून आणतात आणि विचारतात, ‘यात काय लिहिलंय ते सांगा.’ आम्ही बी.ए. झालेल्या, डॉक्टर नव्हे. औषध आम्ही सांगणार नाही. पण हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं प्रत्येक बाईला कळलंच पाहिजे असं आम्हाला वाटतं. म्हणून आजचं बोलणं त्यावर.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. या रक्ततपासण्यांत विषाणू दिसत नाही. विषाणू आहे की नाही हे नाकातोंडातल्या नमुन्यावरून कळतं, ती आरटीपीसीआर किंवा किटची तपासणी. रक्तात दिसतो तो आपल्या शरीराने त्या विषाणूशी चालवलेला झगडा. लांबून एखाद्या वस्तीवर धूर दिसला, तर काहीतरी पेटलंय एवढं कळतं. चूल आहे, पाचट आहे की घर, ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. रक्तातले हे बरेचसे आकडे म्हणजे धूर आहे.

कोरोनात हा झगडा फार महत्त्वाचा ठरला, कारण बऱ्याच रुग्णांना पहिल्या आठवड्यात ताप-खोकला असायचा आणि खरी धाप लागायची ती साधारण आठवडा उलटताना. तोवर विषाणू कमी व्हायला लागलेला असायचा, पण शरीराचं सैन्य भडकलेलं राहायचं आणि फुप्फुसाचंच नुकसान करायचं. म्हणून डॉक्टर विचारायचे, ‘पहिला ताप कोणत्या तारखेला आला?’ ती तारीख नसेल तर रिपोर्टातला आकडा अर्धा मुका असतो. दुसऱ्या दिवशीचा सीआरपी ४० आणि नवव्या दिवशीचा ४० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता एकेक बघू.

सीबीसी ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जुनी ओळखीची तपासणी. गरोदरपणात हिमोग्लोबिनसाठी आपण सगळ्यांनीच केलेली असते. डेंग्यू आला की सगळं गाव त्यातल्या प्लेटलेटकडे बघतं. पण फुप्फुसाच्या विषाणूत बघायची ओळ वेगळी आहे. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि त्यांत दोन मुख्य जाती. एक न्यूट्रोफिल, ती १०० मध्ये ४० ते ७५ असते. दुसरी लिम्फोसाइट, ती २० ते ४०. विषाणूशी ओळख ठेवून लढणारी ही दुसरी जात. आजार बळावतो तेव्हा ती घटते आणि पहिली वाढते. म्हणून डॉक्टर पहिलीला दुसरीने भागतात. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर उत्तर २. न्यूट्रोफिल ८८ आणि लिम्फोसाइट ८ असतील तर उत्तर ११. निरोगी माणसात हा आकडा बहुधा १ ते ३ च्या आत असतो. कोरोनात तो साडेतीनच्या वर गेला की डॉक्टर जास्त लक्ष द्यायचे. यासाठी वेगळं रक्त नाही, वेगळे पैसे नाहीत. भागाकार तर आपण गटाच्या व्याजाचा रोज करतो.

पण इथे एक मेख आहे. पेशंटला स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं की त्या औषधानेच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. तेव्हा औषध सुरू झाल्यावर हा आकडा चढला म्हणजे आजार चढलाच असं नसतं. घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न साधा आहे : ‘हा रिपोर्ट स्टेरॉइडच्या आधीचा की नंतरचा?’

आता सीआरपी. हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं, पण हा काही कोरोनाचा शोध नाही. १९३० साली अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. म्हणजे ते पहिल्यापासून फुप्फुसाच्याच आजारात ओळखलं गेलं. ते बनतं आपल्या यकृतात, काळजात म्हणा. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं. गळू असो, ऑपरेशन असो, सांधेवात असो, लघवीचा संसर्ग असो, सगळ्यांत वाढतं. धूर म्हटलं तो हा.

निरोगी माणसात ते बहुतेक लॅबच्या हिशेबाने लिटरमागे ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या आत असतं. आता इथे कागद नीट वाचायला हवा. काही लॅब लिटरचा हिशेब लिहितात, काही डेसिलिटरचा. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. एका लॅबचा ९ म्हणजे दुसऱ्या लॅबचा ९० असू शकतो. सोमवारी एका लॅबमध्ये ८० आणि बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये ८ आला म्हणून घरात पेढे वाटायला निघालेले लोक आम्ही पाहिलेत. आकडा उतरला नव्हता, माप बदललं होतं. दूध डेअरीवर आपण लिटर आणि किलो यांत फरक करतोच ना? तसंच हे.

सीआरपीचा खरा उपयोग ओळीने दोन-तीन आकडे बघण्यात आहे. दाह थांबला की ते रक्तातून झपाट्याने कमी होतं, साधारण एकोणीस-वीस तासांत निम्मं. समजा दाखल झाल्या दिवशी ९६ होता, तिसऱ्या दिवशी ११०, पाचव्या दिवशी ५८, सातव्या दिवशी २२. यातला ११० बघून रडायचं कारण नव्हतं, पुढचे दोन बघून कळतं की गाडी उताराला लागली. कोरोनाच्या काळात ऑक्सिजन लागलेल्या मध्यम आजाराच्या रुग्णांसाठी दिल्लीच्या एम्स आणि आयसीएमआरने दिलेल्या सूचनांत सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी करायला सांगितलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ नव्हे. सीबीसी आणि लिव्हर-किडनीच्या तपासण्या मात्र २४ ते ४८ तासांनी.

सीआरपीचा आकडा उपचार ठरवायलाही वापरला गेला. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात टोसिलिझुमॅब हे महागडं इंजेक्शन कुणाला द्यायचं याची अट होती : ऑक्सिजन कमी पडत असला पाहिजे आणि सीआरपी ७५ किंवा जास्त असला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र. नुसता आकडा वाढलेला पण श्वास चांगला, अशा माणसासाठी ते नव्हतं. आणि त्या इंजेक्शनाने सीआरपी बनवण्याचा हुकूमच अडवला जातो, म्हणून ते दिल्यावर सीआरपी आपोआप कोसळतो. त्यानंतरच्या कमी आकड्यावर डॉक्टर फार भिस्त ठेवत नाहीत. रेमडेसिव्हिरचा तर सीआरपीशी काही संबंधच नव्हता. तरी आमच्याकडे लोक सीआरपीचा कागद हातात घेऊन मेडिकलपुढे रांगा लावत होते, दागिने मोडत होते. घरी असलेल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णाला ते द्यायचं नाही असं त्याच सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. ती सूचना रांगेतल्या माणसापर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

डी-डायमर म्हणजे काय? खरचटलं की रक्त गोठून खपली धरते. आत रक्तवाहिनीतही अशी गाठ धरू शकते. शरीर ती गाठ नंतर विरघळवतं. विरघळताना जे तुकडे सुटतात त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. तो जास्त आला म्हणजे शरीरात कुठेतरी जास्त गाठी धरल्या आणि सुटल्या जाताहेत. कोरोनात फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत अशा गाठी होत होत्या. चीनमधल्या वुहानच्या १९१ दाखल रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये आला. त्यात दाखल होतानाच डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. तेव्हापासून ही तपासणी सगळीकडे गेली. दाखल रुग्णांच्या पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात ते यासाठीच.

पण मैत्रिणींनो, डी-डायमर वाढण्याची कारणं भरपूर आहेत आणि त्यांतली बरीच बायकांची आहेत. गरोदरपणात तो वाढतो, बाळंतपणानंतर काही आठवडे वाढलेला राहतो, सिझेरियन किंवा कुठलंही ऑपरेशन झालं की वाढतो, वयाने वाढतो. पन्नाशीनंतर डॉक्टर त्याची मर्यादाच वर धरतात. सातव्या महिन्यातल्या सुनेचा डी-डायमर सर्वसाधारण माणसाच्या मर्यादेशी ताडला तर घाबरायला होणारच. म्हणून रक्त देतानाच ‘दिवस गेलेत’ किंवा ‘दोन महिन्यांची बाळंतीण आहे’ हे सांगायचं. लाजायचं नाही. याचंही माप जपून बघा. ५०० नॅनोग्रॅम म्हणजेच ०.५ मायक्रोग्रॅम, दोन्ही एकच. शिवाय मोजायच्या दोन पद्धती आहेत, कागदावर एफईयू किंवा डीडीयू असं लिहिलेलं असतं. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या जवळपास दुप्पट असतो. आणि या कागदावरून मेडिकलमधून रक्त पातळ करायच्या गोळ्या आणून खाणं तर मुळीच नको. त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

फेरिटिनबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण ते आपलं आहे. फेरिटिन म्हणजे शरीराची लोखंडाची कणगी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मोठं कारण म्हणजे ही कणगी रिकामी. निरोगी मोठ्या बाईत फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर लोह संपलं असं धरतात. पण शरीरात संसर्ग शिरला की फेरिटिन वाढतं, कारण शरीर लोखंड कुलपात टाकतं, जंतूंच्या हाती लागू देत नाही. कोरोनात गंभीर रुग्णांचं फेरिटिन ५००, हजार, त्याहूनही वर जायचं.

मग होतं काय, की जिचं हिमोग्लोबिन ८ आहे तिचा फेरिटिनचा बाण वर दिसतो आणि घरचे म्हणतात, ‘हिच्यात तर लोह भरपूर आहे, गोळ्या बंद करा.’ तसं नसतं. कणगी भरलेली नाही, दाराला कुलूप लागलंय. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की संसर्ग असताना मोठ्या माणसात फेरिटिन ७० च्या खाली असलं तरी लोह कमी आहे असं धरा. दवाखान्यात असताना लोहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. घरी आल्यावर आशाताईंकडून परत सुरू करायच्या का, हे मात्र आठवणीने विचारून घ्या. आजाराच्या गडबडीत ते हमखास राहून जातं.

एलडीएच हे पेशींच्या आतलं द्रव्य. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. फुप्फुसाचं नुकसान झालं की वाढतं, लिव्हरचं, स्नायूंचं झालं तरी वाढतं. यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हे, घोटाळाच. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, किंवा सुरगाण्यासारख्या लांबच्या गावातून नमुना नाशिकला पोचेपर्यंत तासन्‌तास उन्हात राहिला, तर नळीतच तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच खोटा वाढून येतो. अशा रिपोर्टवर बऱ्याचदा ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा असतो. तो शेरा दिसला की परत तपासणी करायची का ते विचारायचं.

आयएल-६ आणि प्रोकॅल्सिटोनिन ही दोन नावं मोठ्या दवाखान्यांच्या बिलात दिसतात. पहिलं म्हणजे दाह भडकवणारा निरोप्या. ते तब्येत ढासळली तरच आणि सोय असेल तिथेच करायचं, असं सूचनांत होतं. दुसऱ्यावरून विषाणूच्या जोडीला बॅक्टेरियाचाही संसर्ग झालाय का याचा अंदाज घेतात, म्हणजे अँटिबायोटिक लागेल का ते ठरवायला मदत होते. दोन्ही महाग. कशासाठी करताहेत ते विचारायला हरकत नाही.

रक्त किती काढतात यावरूनही घरात भांडणं होतात. ‘चार-चार बाटल्या रक्त काढलं, म्हणून अशक्तपणा आला.’ त्या बाटल्या नसतात, बोटाएवढ्या नळ्या असतात. जांभळ्या टोपणाची सीबीसीसाठी, फिक्या निळ्या टोपणाची डी-डायमरसाठी, तांबड्या किंवा पिवळ्या टोपणाची सीआरपी, फेरिटिन, एलडीएचसाठी, करड्या टोपणाची साखरेसाठी. सगळ्या मिळून एका वेळी दोन-तीन चहाचे चमचे रक्त. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यातल्या औषधाचं माप ठरलेलं असतं. अशक्तपणा येतो तो आजाराने आणि न जेवण्याने.

आता साखर. वरच्या सगळ्या मोठ्या नावांपुढे ही तपासणी लहान वाटते, पण आमच्या मते घरच्यांनी सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं ते हिच्यावर. १६ जून २०२० रोजी त्याच ‘रिकव्हरी’ अभ्यासातून जाहीर झालं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजनवर असलेल्या कोरोना रुग्णांचे प्राण वाचवतं. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. एवढं सगळं ठरलेलं असताना दुसऱ्या लाटेत आपल्याकडे साध्या तापातही लोकांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड खाल्लं, महिना महिना खाल्लं. स्टेरॉइडने साखर भडकते. ज्यांना मधुमेह आहे त्यांची तर भडकतेच, ज्यांना माहीतच नव्हता त्यांचाही उघडा पडतो. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत, त्याचे रुग्ण वाढले. त्यांत फार मोठा वाटा साखर ताब्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्यांचा होता. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. सीआरपी रोज विचारणाऱ्या घरांत साखर किती हे विचारणारं कुणी नव्हतं. बोटाला टोचून होणारी ती तपासणी.

तेव्हा पेशंट स्टेरॉइडवर असेल तर दिवसातून किती वेळा साखर बघताहेत, किती येतेय, हे विचारा. आणि दवाखान्यात चहाबरोबर बिस्किटांचे पुडे नेऊन देऊ नका.

एवढे आकडे सांगितले, आता त्यांचं वजन किती ते सांगते. ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या ३५,००० हून जास्त कोरोना रुग्णांच्या माहितीवरून २०२० साली एक गुणपत्रिका तयार झाली. दाखल होणाऱ्या माणसाला धोका किती, ते तिच्यातून आठ गोष्टींवरून काढतात. वय, बाई की पुरुष, आधीचे आजार, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती, माणूस शुद्धीत नीट आहे का, रक्तातला युरिया आणि सीआरपी. २१ पैकी गुण. बघा, आठांपैकी रक्तातल्या फक्त दोन. उरलेल्या सहा सुईशिवाय कळतात, आणि एकट्या वयाला जास्तीत जास्त ७ गुण आहेत, तर सीआरपीला २.

म्हणजे घरात बसून आपण जे बघू शकतो ते लॅबच्या आकड्यांहून हलकं नाही. माणूस शांत बसलेला असताना त्याच्या नकळत पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त असेल तर दवाखाना गाठायचा. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तरीही. यंत्र लावताना नखाला रंग नको, बोट गार नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून आकडा ९५ आहे पण बोलताना वाक्य तुटतंय, तर वाक्यावर विश्वास ठेवा. ओठ निळसर, माणूस बरळतोय, झोपेतून उठत नाही, अशा वेळी रिपोर्टची वाट बघायची नाही. १०८ ला फोन.

ऑक्सिजनचं मोल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्यांच्या उशाशी रिपोर्ट होते, औषधं होती, डॉक्टर होते.

ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांनी ही तपासण्यांची माळ लावायची का? एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की ऑक्सिजन नीट आहे, लक्षणं थोडी आहेत, तर या रक्ततपासण्या आणि सिटी स्कॅन करण्याची गरज नाही, त्याने फक्त घबराट वाढते. स्कॅनचा २५ पैकी स्कोअर हा तर तेव्हा लग्नाच्या पत्रिकेतल्या गुणांसारखा चर्चेत असायचा. सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच या स्कॅनचे दर यंत्राप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये ठरवून दिले होते, तरी तेवढे पैसेही गटातल्या बाईच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीचे. ते पैसे घरात बोटाचं यंत्र आणायला आणि वेळेला गाडीला लागतात. आमच्या भागात काही गटांनी सामाईक निधीतून असं एक यंत्र घेऊन ठेवलंय. कर्ज देताना आम्हीही आता अर्ज बघून आधी विचारतो, श्वास कसा आहे.

पैशांचंही बोलू. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी सांगितल्यावर घेतलेलं रक्त महालॅबकडे जातं, त्याचे पैसे लागत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेशंट दाखल असेल तर तपासण्या पॅकेजच्या आतच असतात, वेगळे पैसे द्यायचे नसतात. म्हणून दाखल करताना रेशनकार्ड-आधार सोबत न्या, आणि दवाखाना योजनेत आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतो, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

कागद सांभाळायची रीतही सोपी आहे. गटाची वही असते तशी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर पहिल्या तापाची तारीख, मधुमेह-बीपी-दमा काय आहे ते, चालू गोळ्यांची नावं. पुढे आडव्या रेघा मारून तारीख, श्वास, ऑक्सिजन, साखर, लिम्फोसाइट, सीआरपी, डी-डायमर. आकड्यापुढे माप लिहायचं आणि लॅबचं नाव लिहायचं. जमलं तर सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये. दवाखाना बदलावा लागला तर नव्या डॉक्टरांच्या हाती ही एक वही दिली की त्यांना पहिल्या दिवसापासून चित्र दिसतं. नाहीतर मोबाइल मुलाकडे, मुलगा कांद्याच्या गाडीबरोबर लासलगावला, आणि रिपोर्ट त्याच्याकडेच, हे नेहमीचं आहे.

आणि डॉक्टर राउंडला आले की घाईत काय विचारायचं ते सुचत नाही. म्हणून दोनच प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ‘परवापेक्षा आज सुधारणा आहे की नाही, कशावरून?’ आणि ‘या तपासणीच्या आकड्याने उपचारात काही बदलणार आहे का?’ दुसरा प्रश्न विचारला की नको असलेली एखादी तपासणी आपोआप गळून पडते. बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. डाफरणारेही भेटतात, त्यांना परत शांतपणे विचारायचं.

सुट्टी मिळून घरी आल्यावर काही लोक महिनाभर दर आठ दिवसांनी डी-डायमर करत राहतात. माणूस जेवतोय, हिंडतोय, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याची गरज नसते. डी-डायमर आणि फेरिटिन उतरायला वेळ घेतात. त्याऐवजी महिनाभर या गोष्टींवर नजर ठेवा : एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक छातीत कळ किंवा परत धाप, एका बाजूचा गाल-डोळा दुखणं किंवा सुजणं, नाकातून काळसर स्राव, दात हलायला लागणं, एकाचे दोन दिसणं. यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. स्टेरॉइड झालं असेल तर उपाशीपोटीची साखर पुन्हा एकदा तपासून घ्या. आणि पेशंट बाई असेल तर हिमोग्लोबिनही, कारण आजारातून उठली की तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे असते आणि पाचव्या दिवशी द्राक्षबागेत.

ही वही कशी आखायची त्याचा नमुना आम्ही पुढच्या महिन्याच्या गटबैठकीत घेऊन येणार आहोत. ज्यांच्या घरात कुणी दाखल होऊन आलंय त्यांनी आपले रिपोर्ट बरोबर आणावेत, मापं कशी वाचायची ते एकत्र बसून बघू.